चंद्र, आगगाडी आणि झेड कण

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच प्रश्नाची उत्तरे दोन खंडांतून एका दिवसाच्या अंतराने आली. १२ तारखेला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या वेगवर्धक केंद्राने आपला आकडा जाहीर केला. १३ तारखेला जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत चार वेगवेगळ्या गटांनी खचाखच भरलेल्या सभागृहात आपापले आकडे मांडले. निसर्गात न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हा तो प्रश्न. सगळ्यांचे आकडे तीनच्या आसपास घुटमळत होते, आणि एकत्र धरले तर चौथ्याला जागाच उरत नव्हती.

तोवर तीन या संख्येला कसलाही पक्का आधार नव्हता. आपण ज्या पदार्थाचे बनलो आहोत त्यात इलेक्ट्रॉन आहे. त्याचा जोडीदार न्यूट्रिनो. मग तसलाच पण जड असा म्यूऑन सापडला, त्याचाही न्यूट्रिनो निघाला. सत्तरच्या दशकात टाऊ हा तिसरा भाऊ सापडला. त्याचा न्यूट्रिनो तर १९८९ साली कोणी प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता. तो थेट हाती लागायला २००० साल उजाडले. मग चौथे कुटुंब का नसावे? पाचवे, दहावे? सिद्धांतात याला ना होकार होता ना नकार. विश्वाच्या आरंभी किती हेलियम तयार झाले यावरून खगोलशास्त्रज्ञ न्यूट्रिनोंच्या प्रकारांचा अंदाज बांधत होते, पण तो अंदाजच. पृथ्वीवर, प्रयोगशाळेत मोजून सांगायचे तर अडचण अशी की न्यूट्रिनो सहसा कशातही न अडकता आरपार निघून जातो.

न दिसणारा कण मोजायचा तर दिसणाऱ्याकडूनच हिशेब घ्यावा लागतो. तो हिशेब झेड कणाने दिला.

झेड हा दुर्बल आंतरक्रियेचा विद्युतभाररहित वाहक, प्रोटॉनच्या जवळजवळ ९७ पट जड. १९८३ मध्ये सर्नमध्येच प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन एकमेकांवर आदळून तो सापडला, आणि कार्लो रुबिया व सिमॉन व्हान डर मेर यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले. पण तेव्हा हाती आलेले झेड बोटांवर मोजण्याइतके होते. तो जन्मतो आणि लगेच मोडतो, इतका लगेच की त्याचे वस्तुमान एका नेमक्या आकड्यावर न थांबता थोडे पसरलेले दिसते. टकरीची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली आणि प्रत्येक ऊर्जेला किती झेड तयार होतात ते आलेखावर मांडले, की एक टेकडी उभी राहते. टेकडीचे शिखर कुठे आहे त्यावरून वस्तुमान कळते आणि तिच्या रुंदीवरून आयुष्य. मोडण्याच्या वाटा जितक्या जास्त तितके आयुष्य कमी, टेकडी तितकी रुंद आणि शिखर तितके बुटके. झेड क्वार्कांत मोडला तर दिसतो, इलेक्ट्रॉन-म्यूऑन-टाऊंत मोडला तरी दिसतो. न्यूट्रिनोंत मोडला तर काहीच दिसत नाही, पण टेकडी मात्र आपल्या आकारात ती वाट नोंदवून ठेवते. न्यूट्रिनोचा एक प्रकार वाढला, की शिखर खाली येणारच.

ही टेकडी नीट मोजण्यासाठी झेडचा कारखानाच हवा होता. प्रोटॉन म्हणजे क्वार्कांची मोळी. दोन मोळ्या आदळल्या की कुठला क्वार्क कुठल्या ऊर्जेने भिडला ते कळत नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन भिडवले तर सगळा मामला स्वच्छ. दोघांची मिळून ऊर्जा झेडच्या वस्तुमानाइतकी असली की दोघे नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी झेड. त्यासाठी सर्नने जुरा पर्वताच्या पायथ्याशी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या हद्दीखालून जवळजवळ २७ किलोमीटर परिघाचा वर्तुळाकार बोगदा खणला. काम १९८३ मध्ये सुरू झाले. यंत्राचे नाव लेप. त्यातल्या तीन हजारांहून जास्त वळणचुंबकांना क्षेत्र अगदी सौम्य पुरत होते, म्हणून खर्च वाचवायला पोलादी पत्र्यांच्या मधल्या फटींत चक्क सिमेंटचा मालमसाला भरला. चुंबकांची ही काटकसर पुढे हिशेबात डोके वर काढत राहिली.

स्टॅनफर्डच्या बर्टन रिक्टर यांना सर्नची वाट पाहायची नव्हती. त्यांनी आपल्याकडच्या सरळ रेषेतल्या जुन्या वेगवर्धकालाच टोकाशी दोन कमानी जोडल्या आणि त्यांतून येणाऱ्या झोतांची टक्कर घडवली. १९८९ च्या एप्रिलमध्ये त्यांना पहिला झेड मिळाला. लेपमध्ये पहिल्या टकरी व्हायला १३ ऑगस्टची रात्र उजाडली. म्हणजे शर्यत स्टॅनफर्डने जिंकली होती, पण लेपचे कणझोत इतके भरघोस होते की दोन महिन्यांत त्यांनी रिक्टर यांच्या काहीशे झेडना मागे टाकले. रिक्टर यांच्याबरोबर १९७६ चे नोबेल वाटून घेतलेले सॅम्युएल टिंग आता लेपवरच्या एल-थ्री या गटाचे प्रमुख होते. अलेफ गटाचे प्रमुख होते जॅक स्टाइनबर्गर. १९६२ साली न्यूट्रिनो एकाच नव्हे तर दोन प्रकारचे असतात हे दाखवणाऱ्या तिघांपैकी ते एक. त्याबद्दलचे नोबेल त्यांना आदल्याच वर्षी मिळाले होते. ज्या मोजणीची सुरुवात त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर केली, तिच्यावर शेवटची रेघ ओढायला तेच गृहस्थ हजर होते. विज्ञानाच्या इतिहासात असा योग फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

स्टॅनफर्डचे उत्तर होते २.८, कमी-जास्त ०.६. अलेफने सुमारे तीन हजार झेडवरून काढलेले उत्तर ३.२७, कमी-जास्त ०.३०. वर्तमानपत्रांसाठी गोष्ट इथे संपली. मला मात्र त्यानंतरची सहा वर्षे जास्त मोलाची वाटतात, कारण खरे मोजमाप तेव्हा सुरू झाले.

आलेखाला दोन अक्ष असतात. उभ्या अक्षावर किती झेड, आडव्यावर किती ऊर्जा. लेपच्या चारही गटांनी १९९५ पर्यंत मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड नोंदले. एवढे हाती आल्यावर नशिबाच्या चढउताराने येणारी चूक नगण्य होते. मग उरते ती मोजपट्टीची चूक. दोन्ही अक्षांवरची मोजपट्टी हजारात एका भागाने चुकली, तरी टेकडीचा आकार बदलतो आणि उत्तर खोटे पडते.

उभ्या अक्षाची मोजपट्टी एका मुंबईकराच्या नावाची आहे. झेड किती तयार झाले हे मोजून भागत नाही. किती टकरींमागे इतके, हेही कळावे लागते. त्यासाठी अशी एखादी घटना हवी, जिचे प्रमाण कागदावर आधीच चोख काढता येते. केंब्रिजमध्ये असताना होमी भाभांनी विशीतच इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना कसे वळवतात याचे गणित मांडले. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्या क्रियेला जगभर भाभा प्रकीर्णन म्हणतात. अगदी लहान कोनातून वळलेले असे कण लेपच्या नळीला लागून बसवलेल्या शोधकांत सतत येत राहत, आणि त्यांच्या संख्येवरून टकरींची संख्या निघे. कोन जरा वाढला की भाभा-घटनांची संख्या झपाट्याने घसरते, म्हणून त्या शोधकाची आतली कड नेमकी कुठे आहे हे केसाच्या जाडीहूनही बारीक मापाने ठाऊक असणे भाग होते. क्राकोचे स्तानिस्लाव्ह यादाख आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे भाभांच्या गणितात पुढच्या दुरुस्त्या घालत बसले, आणि त्यांनी ते हजारात एका भागाच्याही आत नेऊन ठेवले.

भाभांनी १९४५ मध्ये उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ टिंग यांच्या एल-थ्री गटात होते. जगभरचे कणशास्त्रज्ञ ज्या संदर्भग्रंथात गुणधर्मांचे अधिकृत आकडे पाहतात, त्यातला झेडवरचा आढावा बरीच वर्षे मार्टिन ग्रुनेवाल्ड आणि टाटा संस्थेचे अतुल गुर्टू यांच्या नावाने येत असे. आणि एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान जिनिव्हाच्या विमानतळाकडे उतरत असताना माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. स्वच्छ दिवशी सर्नच्या आवारातून ते शिखर दिसते. त्यानंतर पाव शतकाने त्याच परिसरात, जमिनीखाली, दर सेकंदाला त्यांच्या नावाची क्रिया मोजली जात होती.

आता आडवा अक्ष. झोताची ऊर्जा किती, हे मोजण्याचा मार्ग निसर्गाने स्वतःच ठेवला होता. फिरत्या भोवऱ्याचा अक्ष जसा डुलत गोल फिरतो, तसा इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचा अक्षही चुंबकीय क्षेत्रात फिरतो. लेपच्या एका फेरीत सुमारे १०३ वेळा. हा आकडा थेट ऊर्जेवर अवलंबून असतो. झोत तासन्‌तास फिरत राहिला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे अक्ष आपोआप थोडे एका दिशेला झुकतात. मग एक बारीक, दोलायमान चुंबकीय क्षेत्र लावायचे आणि त्याची कंपनसंख्या सावकाश बदलत न्यायची. ती अक्षाच्या डुलण्याशी जुळली, की झुकाव एकदम नाहीसा होतो. लेसरचा प्रकाश झोतावर पाडून हे पाहता येते. ४५ हजारांहून जास्त मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा या रीतीने एका मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत कळू लागली. १९९१ मध्ये हे साधले तेव्हा साऱ्यांना हायसे वाटले.

आणि लगेच घोळ सुरू झाला. यंत्राच्या सगळ्या कळा जागच्या जागी असताना दोन वेळच्या मोजण्यांत दहा-दहा मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक येई. एवढा फरक सोडून देऊन सरासरी काढता आली असती. झेडच्या वस्तुमानाला एक टक्क्याच्या शंभराव्या भागाची अनिश्चितता जोडली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. पण स्टॅनफर्डचे गेरहार्ड फिशर आणि सर्नचे आल्बर्ट हॉफमन यांनी वेगळीच शक्यता मांडली: चंद्र.

भरती-ओहोटी समुद्राला येते, तशी जमिनीलाही येते. कोकणातल्या कोळ्याला पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीची भांग सांगावी लागत नाही. पण त्याच उधाणाच्या वेळी त्याच्या पायाखालचा कातळही काही सेंटिमीटर वर उचलला जातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आजूबाजूचे सगळेच त्याच्याबरोबर उचलले जाते. जिनिव्हाच्या भागात हे वरखाली होणे सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्यात लेपच्या २७ किलोमीटरच्या परिघाला एक मिलिमीटरचा ताण बसतो. झोताच्या मार्गाची लांबी मात्र त्याला ऊर्जा देणाऱ्या विद्युतलहरींच्या तालाने बांधलेली असते. ती बदलत नाही. बोगदा फुगला, चुंबक बाहेर सरकले, झोत तिथेच राहिला. मग तो केंद्रीकरण करणाऱ्या चुंबकांच्या मधोमध न जाता किंचित बाजूने जातो, त्याच्या वळणात फरक पडतो आणि ऊर्जा बदलते. हिशेब केला तर एका मिलिमीटरमागे साधारण नऊ-दहा मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आकडा हुकमी जुळत होता.

जुळणारा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये पौर्णिमेच्या सुमारास त्यांनी टकरींचा मोह बाजूला ठेवला आणि दिवसभर, रात्रभर फक्त झोताची ऊर्जा मोजली. कार्तिकातली ती पौर्णिमा. आपल्याकडे तेव्हा त्रिपुर पाजळले जात होते. चंद्र जसजसा वर चढला आणि मावळला, तसतशी ऊर्जा खाली-वर झाली. मोजलेले ठिपके आणि भूशास्त्रज्ञांच्या गणिताने काढलेली वक्ररेषा एकमेकांवर बसले. मला हा आलेख विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या आलेखांपैकी एक वाटतो. त्यात नवा कण नाही, नवा सिद्धांत नाही. एका शंकेचा पुरता निकाल लावला, एवढेच त्यात आहे.

चंद्राचा हिशेब वजा केला तरी काही आठवड्यांच्या काळात ऊर्जा हळूहळू सरकत असल्याचे दिसू लागले. त्याची सांगड जिनिव्हा सरोवराच्या पातळीशी आणि पावसाशी लागली. जमिनीत आणि सरोवरात पाणी वाढले-घटले की त्याच्या भाराने भोवतालचा खडक वाकतो, आणि बोगदाही त्याच्याबरोबर. मग तेही नोंदवहीत आले.

तिसरे कोडे सर्वांत चिवट निघाले. चुंबकक्षेत्राची मोजणी तोवर पृष्ठभागावर ठेवलेल्या, त्याच प्रवाहाने चालणाऱ्या एका नमुना-चुंबकात होत असे. १९९५ मध्ये बोगद्यातल्या प्रत्यक्ष चुंबकांत मोजमापाच्या सळ्या बसवल्या, आणि क्षेत्र थरथरताना दिसले. दिवसभर थरथर, मध्यरात्रीनंतर काही तास एकदम शांतता, पहाटे पुन्हा सुरू. शिवाय या थरथरीने चुंबकातले पोलाद हळूहळू चेतत जाई आणि झोत फिरत असताना काही तासांत ऊर्जा काही मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टनी वर चढे. झोताच्या नळीतून एखाद्या अँपियरचा भटका प्रवाह वाहत होता. तो येतो कुठून?

मध्यरात्री निजणारी आणि पहाटे उठणारी गोष्ट होती रेल्वे. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या मार्गावर तेव्हा १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरला जात असे. इंजिनाने ओढलेला प्रवाह रुळांतून परत जायचा, पण त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि परतीची सोपी वाट शोधतो. २७ किलोमीटरची धातूची नळी त्याला आयतीच मिळाली होती. नोव्हेंबरमध्ये रुळांवरचा व्होल्टेज, नळीतला प्रवाह आणि चुंबकाचे क्षेत्र ही तिन्ही मापे एकाच वेळी घेतली. पॅरिसची भरधाव टीजीव्ही गाडी जिनिव्हाच्या फलाटावरून हलली, आणि तिन्ही रेघा एकाच क्षणी उसळल्या. गाडी वाटेतल्या छोट्या स्थानकांवरून पुढे गेली, तसा प्रत्येक झटका तिन्ही रेघांत सारखाच उमटला.

याचा फटका मागे गेला, ही यातली कठीण बाजू. झोताची ऊर्जा मोजायची ती बहुधा टकरींची पाळी संपताना, कारण त्या मोजणीत झोत वाया जाई. पण तोवर ऊर्जा चढलेली असायची. टकरी मात्र त्याआधीच्या, किंचित कमी ऊर्जेवर झालेल्या. म्हणजे १९९३ आणि १९९४ ची माहितीही पुन्हा तपासणे आले. ज्यांनी आपले आकडे आधीच प्रसिद्ध केले होते, त्यांनीच ते पुन्हा उघडले आणि चंद्र, सरोवर, गाड्या, बोगद्यातले तापमान या साऱ्यांचा हिशेब तासातासाला घालून नवे आकडे काढले.

त्यातून निघाले झेडचे वस्तुमान: ९१.१८७५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कमी-जास्त ०.००२१. मधल्या काळात याच मोजमापांच्या बारकाव्यांवरून, तोवर न दिसलेल्या टॉप क्वार्कचे वस्तुमान साधारण किती असावे तेही सांगता आले होते, आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या फर्मीलॅबमध्ये तो सापडला तेव्हा तिथेच सापडला. लेप २००० च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाले. त्याचे सामान उचलून त्याच बोगद्यात एलएचसी हे यंत्र बसवले गेले, आणि २०१२ मध्ये त्यात हिग्ज कण मिळाला. लेपच्या झेडवरच्या कामाचा अंतिम अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात न्यूट्रिनोंच्या प्रकारांची संख्या होती २.९८४०, कमी-जास्त ०.००८२.

हा आकडा तीन म्हणावा इतका जवळ आहे. पण ज्यांनी मिलिमीटरचा माग काढत चंद्र गाठला होता, त्यांच्या जातकुळीच्या माणसांना तो खुपणारच होता. तीनपेक्षा तो जवळजवळ दोन प्रमाण-विचलनांनी कमी होता. काही सिद्धांतकारांनी त्यात नव्या भौतिकीची चाहूलही पाहिली.

उत्तर आले २०१९ मध्ये, आणि ते उभ्या अक्षावर दडलेले होते. सर्नमध्ये भविष्यातल्या सुमारे १०० किलोमीटर परिघाच्या यंत्राचा आराखडा चालू होता. तिथे टकरींची संख्या किती अचूक मोजता येईल याचा अभ्यास करताना पॅट्रिक झानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की भाभा प्रकीर्णनाने लहान कोनात वळलेला इलेक्ट्रॉन समोरून येणाऱ्या कणांच्या घोळक्याजवळून जातो आणि त्यांचा विद्युतभार त्याला थोडा आत ओढतो. त्यामुळे काही कण शोधकाच्या आतल्या कडेबाहेर निसटतात. हा परिणाम नव्या यंत्रात आहे तर जुन्यातही असणारच, म्हणून त्यांनी लेपचे गणित काढले. हजारात एका भागाइतके भाभा-कण कमी मोजले गेले होते. टकरी होत्या त्यापेक्षा कमी धरल्या गेल्या, म्हणून शिखर होते त्यापेक्षा उंच दिसले, आणि उंच शिखर म्हणजे कमी न्यूट्रिनो. झानो आणि यादाख यांनी ही दुरुस्ती आणि भाभा-गणितातल्या नव्या सुधारणा एकत्र घातल्या. लेपचे शोधक सुटे करून वीस वर्षे होत आली होती. काहींचे तुकडे प्रदर्शनात ठेवलेले होते. त्यांनीच टिपलेल्या माहितीवरून आता न्यूट्रिनोंची संख्या आली २.९९६३, कमी-जास्त ०.००७४.